हरळीची फेरलावणी

माझ्या बाचं जन्मभर एकाच भावकीशी वैर होतं, आणि ती भावकी म्हणजे हरळी. सख्ख्या चुलतभावानं बांध सरकवला तेव्हा बा चार दिवस घुम्यासारखा बसला आणि पाचव्या दिवशी त्याच्याच ओटीवर जाऊन तंबाखू मळून आला. हरळीला मात्र त्यानं कधी माफी दिली नाही. उमरठच्या अलीकडे डोंगराच्या पोटाला चिकटलेली आमची वाडी. खाली ओढ्याकडेनं भाताची खाचरं, वर नाचणी-वरीचं वरकस, एवढ्यावर सगळा संसार. त्या खाचरांत हरळीची एक काडी दिसायची नाही. "तिचं एक पेर जरी मातीत ऱ्हायलं ना, तर पावसाळ्यात खानदान घेऊन येतंय," असं बा म्हणायचा. उपटलेली हरळी तो बांधावर टाकत नसे, कारण बांधावरून ती रात्रीतून परत शेतात उतरते असा त्याचा पक्का समज. ती आधी दगडावर वाळवायची, मग बैलापुढं टाकायची. बैलानं रवंथ केली की मगच बा हात धुवायचा.

हा नाद नुसता आपल्या शेतापुरता असता तरी चाललं असतं. पण रस्त्यानं चालताना दुसऱ्याच्या शेतात हरळी दिसली तरी त्याचे हात वळवळायचे. माझ्या आतेभावाच्या लग्नाला आम्ही वऱ्हाड घेऊन निघालो, आणि मुहूर्त तोंडावर आला तरी नवऱ्याचा मामा, म्हणजे बा, सापडेना. शेवटी आये पदर खोचून मागच्या वाटेला गेली, तर बा नवीन पटक्यासकट कुणाच्या तरी खाचरात हरळी उपटत उकिडवा बसलेला. आये वरूनच ओरडली, "अवो, तिकडं अंतरपाट धरलाय नि तुमी कुणाचं रान बेणताय?" बा म्हणाला, "ह्या गावात पोरगी देतायत, पन गावाला शेती येत नाय." पुढं त्या सोयरिकीत जे काय वाजलं त्याचं मूळ ह्या एका वाक्यात आहे. गणपतीला दूर्वा लागतात, त्या हरळीच्याच, हे कुणी सांगितलं तर बाचं उत्तर तयार असे. "देवाला एकवीस पुरतात. बाकीची कशाला वाढवायची?"

आता माझं सांगतो. मी शाळा दुसरीत सोडली. मास्तर म्हणाले होते, पोराला डोकं आहे पण ते आडवं बसवलंय. लोक मला हट्टी म्हणतात. मी हट्टी नाही. माझं बरोबर असतं आणि लोकांना ते उशिरा कळतं, एवढंच. त्या काळी आमच्याकडे मिसरूड फुटलं की पोरगा मुंबईला गिरणीत जायचा. ज्याच्या घरातून कुणी गेलं नाही त्याच्या घरी मुलगी द्यायला लोक काचकूच करायचे. माझा मामा गिरणीत होता. शिमग्याला आला की पायांत बूट, डोक्याला वासाचं तेल, आणि बोलणं सगळं 'अपनेको', 'तुमको'. त्या शिमग्याला तो आमच्या ओटीवर बसून म्हणाला, "भावजी, सख्याला इस साल मी घेऊन जातो. मुकादम आपला माणूस हाय." बा काही बोलायच्या आत मी म्हणालो, "मी येत नाय."

का येत नाय, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. मामाच्या खोलीत सोळा माणसं पाळीपाळीनं झोपतात हे त्यानंच मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं. ज्या अंथरुणात दुसऱ्याची ऊब आहे त्यात मी झोपणार नाही, एवढं मला कळत होतं. बा चिडला. "मग काय करशील? हितं दोन मानसांचं काम नाय नि तिगांचं खाणं हाय."

"महाडात काम बगतो."

"महाडात तुजा कोन हाय? गणपतीपर्यंत एक काम टिकवून दाव. तवर टिकलास तर मी मुंबयचं नाव काडनार नाय. सुटलास, तर मामाच्या मागनं बोचकं घेऊन मुकाट चालायचं."

मामा हसला. आयेनं चुलीत उगाच फुंकर मारली. मी म्हणालो, "बरं." दुसऱ्या दिवशी पोलादपूरपर्यंत चालत आणि पुढं यष्टीनं मी महाडात उतरलो.

काम मला तिसऱ्या दिवशी मिळालं. आबासाहेब म्हणून एक गृहस्थ, पुण्याला सरकारी नोकरी करून निवृत्त झालेले, त्यांनी गावाबाहेर उंचावर नवं घर बांधलं होतं. त्यांना घरचं झाडपाल्याचं काम करणारा माणूस हवा होता. घरात दोघंच, ते आणि माईसाहेब. घर कसं ते आवाजांवरून सांगतो, कारण मला ते तसंच आठवतं. सकाळी आधी रहाटाची कुरकूर, ती माझी. मग आबासाहेबांचं घसा खाकरणं, ते मोजून पाच वेळा. मग माईसाहेबांची विळी आणि त्यांचं देवाशी बोलणं, ज्यात निम्म्या तक्रारी आबासाहेबांच्या असत. दुपारी जेवणं झाली की रेडिओ लागे, आणि रेडिओपाठोपाठ आबासाहेबांचं घोरणं लागे, आणि मग दोन्ही एकमेकांशी स्पर्धा करत. माईसाहेबांच्या हाताला चव होती. वालाचं बिरडं त्यांच्यासारखं मी पुन्हा खाल्लं नाही. नारळ घालून, वर कोथिंबीर, आणि भात असा मऊ की आमच्याकडे बाळंतिणीलाच मिळावा. भाजीत गूळ घालायच्या, ती एक खोड सोडली तर त्या बाईला मी नाव ठेवणार नाही.

बागेचं काम मला येतच होतं, फक्त त्याला बाग म्हणतात हे ठाऊक नव्हतं. चैत्र-वैशाखात सकाळ-संध्याकाळ कुंड्यांना पाणी. मोगरा उन्हाळ्यात जेवढा खुडावा तेवढा तो फुलतो, हे माईसाहेबांनी शिकवलं. ताक उरलं की कढीपत्त्याला, तांदळाचं धुवण गुलाबाला, चुलीतली राख अळवाच्या बुंध्याशी. वाया काही जायचं नाही. त्या घरात उष्टं खरकटं खाऊन झाडं बाळसं धरत. पावसाळ्यात सकाळी उठून गोगलगायी वेचायच्या आणि डबा भरून लांब नेऊन टाकायच्या. मारायच्या नाहीत, कारण माईसाहेबांचा चातुर्मास.

आणि लॉन. पहिल्याच आठवड्यात आबासाहेबांनी मला घरापुढची मोकळी जागा दाखवली. आमच्या खळ्याएवढी, फार मोठी नाही. म्हणाले, "सखाराम, इथं आपल्याला लॉन करायचंय. हिरवंगार. गालिचा."

"काय पेरायचं, साहेब?"

"गवत."

"गुरं कुठं हायत?"

"गुरांसाठी नाही. बघायला. सकाळी अनवाणी चालायला. पुण्याला आमच्या साहेबांच्या बंगल्यापुढं होतं." मग त्यांनी पिशवीतून एक ओला जुडगा काढून माझ्या हातात दिला. मी बघितलं आणि जुडगा हात लांब करून धरला. मी म्हणालो, "साहेब, ही हरळी हाय."

"बरोबर. तीच लावायची."

आता तुम्ही माझ्या जागी उभे राहून बघा. बाच्या घरात वाढलेल्या पोराला हरळी लाव म्हणणं म्हणजे मांजराला उंदराचं बारसं करायला सांगण्यासारखं. पण गणपती लांब होते आणि मामाची खोली जवळ. मी लावली. आणि ती अशी माजली, की खरं सांगतो, मलाच भीती वाटायला लागली. आषाढ संपेपर्यंत घरापुढं हिरवं पांघरूण पसरलं. मग आबासाहेबांनी एक लांब पात्यांची कात्री आणली आणि दर चार दिवसांनी मी उकिडवा बसून गवताचे केस कापू लागलो. दगडी गडग्यापलीकडून बाजाराला जाणारी माणसं थांबून विचारत, "काय रे, दाढीपन करतोस का?" आबासाहेब सकाळी अनवाणी चालत आणि मध्येच वाकून तळहात गवतावर ठेवत, जसं कोण ताप बघतं. गणपतीला त्यांचे पुण्याचे जुने साहेब दर्शनाला येणार होते. त्यांना खुर्च्या लॉनवर टाकून चहा द्यायचा, हे आबासाहेबांनी कैरीच्या दिवसांतच ठरवलं होतं.

माईसाहेबांना मात्र ते गवत डोळ्यांपुढं नको असे. "एवढ्या जागेत पडवळाचा मांडव झाला असता," त्या मला ऐकवायच्या, पण तोंड आबासाहेबांकडे. "भेंडी, गवार, दोन वेल काकडीचे. पण नाही. आम्ही गवत राखणार."

"पडवळ मागच्या दारी लाव की," आबासाहेब म्हणत.

"मागच्या दारी ऊन येतं का? ऊन सगळं तुमच्या गवताला."

घरी मी लॉनबद्दल अक्षर सांगितलं नव्हतं. का सांगावं? साहेबांकडे झाडांचं काम करतो, जेवण चांगलं आहे, एवढा निरोप कुणाबरोबर तरी पाठवत होतो. तेवढ्यात सगळं येतं. आज माझा नातू नव्या मुंबईत राहतो, त्याच्या गॅलरीत प्लास्टिकचं गवत अंथरलंय आणि त्याला तो आठवड्याला झाडू मारतो. त्याची बायको सांगत होती, माहेरी हे सांगितलेलं नाही. म्हणजे जग फार बदललेलं नाही.

श्रावणात आमच्याकडची लावणी उरकली आणि एका सकाळी बा महाडात साहेबांच्या मागच्या दारी हजर झाला. डोक्यावर घोंगडीची खोळ, हातात फडक्यात बांधलेली नाचणीची भाकरी, आणि घरच्या परड्यातल्या कोवळ्या काकड्या. मला बघायला आलो असं तो म्हणाला नाही. "बाजार व्हता," म्हणाला. माईसाहेबांनी त्याला पडवीत पान वाढलं. अळूचं फदफदं, बिरडं, भात. बानं अळू तोंडात घातलं, थांबला, माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "भाजी ग्वाड लागतेय. नासली का काय?" मी म्हणालो, "गूळ हाय. गप जेव." त्यानं पान पुसून लख्ख केलं. मग आबासाहेब बाहेर येऊन दोन शब्द बोलले, "तुमचा मुलगा कष्टाळू आहे हो," असं म्हणाले, आणि बानं नुसती मान हलवली. पण मी त्याच्या पाठीकडे बघत होतो. पाठ सरळ झाली होती.

जेवणं झाली, रेडिओ लागला, घोरणं लागलं. कात्रीची धार गेली होती म्हणून मला लोहाराकडे जायचं होतं. बाला म्हणालो, "पडवीत पड जरा. मी आलोच." लोहाराकडे गर्दी होती. कुणाच्या तरी नांगराचा फाळ आधी, मग कुणाचे कोयते. मी भट्टीपाशी बसून सगळ्यांचं ऐकत राहिलो. कात्री हातात आली तोवर उन्हं कलली होती.

फाटकातून आत शिरलो. लॉन नव्हतं.

म्हणजे जागा होती. पण हिरवं काही नव्हतं. माती काळी, भुसभुशीत, वरून हात फिरवून सपाट केलेली, असा वाफा की देवानं स्वतः मिरची लावायला यावं. कडेच्या पायऱ्यांवर हरळीचा ढीग, मुळ्यांसकट, माती झटकून, पेंढ्या बांधून रचलेला. आणि ढिगापाशी बा, कोपरापर्यंत चिखल, शेजारी माझंच खुरपं आणि कुदळ, विडी ओढत बसलेला. मला बघून त्यानं विडी विझवली आणि जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"सख्या, लाज कशी नाय वाटत रं तुला? येवढी हरळी! मानूस तुला पोटच्या पोरावानी जेवू घालतंय, तुजं नाव घेतंय, आनि तू त्याच्या दारात असं रान माजवलंस? कोन काय म्हनंल? रामजीचा पोरगा हाय म्हनून? नशीब म्हन साहेब झोपलंत. मी सगळी काढली. एक पेर ठेवलं नाय. आता उठलं की बग, खूश व्हतील."

मला रडावं का हसावं ते कळेना. मी पायरीवर बसलो आणि दबक्या आवाजात म्हणालो, "बा, ती मी लावली व्हती."

"काय लावली?"

"हरळी. पैसे घेऊन लावली. तेच काम हाय माजं. त्यांना हवी हाय."

बा माझ्याकडे बघत राहिला. मग घराकडे बघितलं, मग ढिगाकडे. "हरळी," तो म्हणाला. "हवी." हे दोन शब्द त्यानं आयुष्यात पहिल्यांदा शेजारी शेजारी ठेवले होते. "येडं हाय का ते मानूस?"

"पुण्याला असतं असं."

"मग आता?"

"आता काय. मामा येईल, मी बोचकं बांधतो." आणि खरंच तेव्हा मला सगळं दिसलं. गिरणीचा भोंगा, ती खोली, कुणाच्या तरी घामानं ओली चादर. बाला पण काहीतरी दिसलं असावं, कारण त्याचा चेहरा एकाएकी म्हाताऱ्यासारखा झाला. तो उठला, एक पेंढी उचलली, परत ठेवली.

तेवढ्यात दार वाजलं. आधी माईसाहेब आल्या, तोंडावर पाणी मारून, पदरानं पुसत. त्यांनी वाफा बघितला आणि हात जोडले. "अगं बाई! सखाराम! शेवटी देवानं यांना बुद्धी दिली का रे? काय सुरेख माती केलीस! थांब, भेंडीचं बी आहे माझ्याकडे, गवारीचं आहे. अहो! अहो, उठा, बघा तरी!"

"माईसाहेब, जरा..." मी म्हणालो, पण आबासाहेब आलेच. चष्मा लावलेला नव्हता. त्यांनी समोर बघितलं, आत जाऊन चष्मा आणला, पुन्हा बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फार हळू म्हणाले, "सखाराम. लॉन कुठं आहे?"

आता इथं लोक म्हणतात की मी खोटं बोललो. मी तसं मानत नाही, कारण पुढं जे झालं ते तुम्ही बघालच. माझ्या तोंडातून निघालं, "साहेब, फेरलावणी."

"काय?"

"फेरलावणी. भाताला करतात तशी. रोप एका जागी दाट झालं की उपटायचं, मुठी बांधायच्या, नि पुन्ना लावायचं, रांगेत. मग फुटवा धरतंय. एका जागी ठेवलं तर मुळं गुदमरतात. श्रावण हाच वखत हाय. गणपतीला हिरवंगार. उद्या सकाळी लावणार व्हतो, तोवर तुमी उठलात."

आबासाहेब ढिगाकडे बघत होते. पेंढ्या खरंच भाताच्या मुठीसारख्या बांधलेल्या होत्या, कारण बाला दुसरी गाठ येतच नव्हती. "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नसेल. आमच्याकडं करतात."

"तुमच्याकडे हरळी लावतात?" त्यांचा आवाज चढला. "मला वेड्यात काढतोस? हरळी शेतकऱ्याची वैरीण, एवढं मलाही ठाऊक आहे." मग ते वळले. "काय हो, तुम्ही सांगा. तुम्ही जुने शेतकरी आहात. खरं सांगा. तुमच्याकडे हरळी लावतात?"

बा उभा होता. हातावरचा चिखल वाळून भेगाळला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. घराच्या कौलांकडे बघितलं. मला ठाऊक होतं की हा माणूस मोडेल पण हे बोलणार नाही, कारण त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतंच. जमीन थोडी, बैल म्हातारे, कपडा एक. जे काय नाव होतं ते ह्या एका गोष्टीचं होतं. रहाटाच्या दोरीवर कावळा बसला आणि उडाला.

"लावतात," बा म्हणाला. मग घसा साफ करून, जरा मोठ्यानं, "लावतात, साहेब. आमच्या वाडीत मीच लावतो. फुडच्या खाचरात. बांधाला पन लावतो."

हे 'बांधाला पन' कुणी मागितलं नव्हतं. पण बा एकदा खड्ड्यात उतरला की तळ गाठून येणारा माणूस.

आबासाहेब थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. एवढ्या सरळ तोंडाचा माणूस खोटं बोलेल असं कुणालाच वाटलं नसतं. "मग लावा," ते म्हणाले. "आत्ता. माझ्यासमोर. मला बघायचंय." आणि व्हरांड्यात खुर्ची ओढून बसले. माईसाहेब भेंडीच्या बियांची पुरचुंडी हातात धरून उभ्या होत्या. "एक कडेची ओळ तरी द्या हो," त्या म्हणाल्या. आबासाहेबांनी उत्तर दिलं नाही. माईसाहेबांनी तो होकार समजून कडेनं बी टोचायला सुरुवात केली.

आम्ही बापलेक धोतरं वर खोचून उतरलो. बा मुठीतून चार-चार काड्या काढी, अंगठ्यानं मातीत दाबी, मागं सरके. आयुष्यभर भात लावलेला हात, तो वेगळं काय करणार? रांग अशी सरळ, की दोरी लावायला नको. पण तोंड चालूच होतं, मला ऐकू येईल एवढंच. "घे, जा. ऱ्हा. मर नको आता. तुज्या आयशीला मी वरकसात जाळली, तुज्या आज्याला बैलाला घातला, आनि तू हितं माज्या हातनं पाट मांडून बसतेस." एक काडी मोडली तर त्यानं सवयीनं बाजूला फेकली, मग थांबून, शिव्या देत, उचलून आणली आणि लावली.

आणि नेमका तेव्हाच गडग्यापलीकडून आमच्या वाडीतला तुकाराम बाजार करून चाललेला. डोक्यावर मिठाची गोण. तो थांबला. वाकून बघितलं. "रामजीबा? तुमी? ह्ये काय चाललंय?"

बानं मान वर केली नाही. "दिसत नाय? लावणी."

"कसली?"

"हरळीची."

तुकारामनं गोण खाली ठेवली. "ब्येस हाय ना तब्येत?"

"तुजी रांग कदी सरळ आलेय का रं तुक्या? मग हो फुडं." आबासाहेब व्हरांड्यातून मोठ्यानं हसले, आणि मला कळलं की काम वाचलं. तुकाराम मात्र हसला नाही. तो मिठासकट जवळजवळ पळत गेला, कारण असली बातमी ओली असेतोवर वाडीत पोचवायला हवी.

अंधार पडायच्या आत सगळं लावून झालं. बा त्या रात्री राहिला नाही. "तुजी आये वाट बगंल," म्हणाला. निघताना फाटकाशी थांबून त्यानं एकदा मागं वळून रांगा बघितल्या, आणि मी शपथेवर सांगतो, त्याला त्या आवडल्या होत्या.

हरळी लागली. न लागून सांगते कुणाला? श्रावणाची सर, मधेच ऊन, भुसभुशीत माती. एकेका पेरातून ती अशी फुटली की गणपतीच्या आधी मला दोनदा कात्री चालवावी लागली, आणि आधीपेक्षा दाट आली, हे आबासाहेबांनी स्वतः तळहात ठेवून कबूल केलं. म्हणून म्हणतो, मी खोटं बोललो नाही. खरं आधी बोललो, ते घडलं नंतर. पुण्याचे साहेब आले, खुर्च्या लॉनवर पडल्या, आणि आबासाहेब त्यांना सांगत होते, "कोकणात हरळीची फेरलावणी करतात. जुनी पद्धत आहे. पुण्याला हे कुणाला ठाऊक नाही." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "व्हय." कडेला माईसाहेबांची भेंडी गुडघ्याएवढी झाली होती, ती काय आहे असं साहेबांनी विचारलं, तर आबासाहेब म्हणाले, "शोभेची."

गौरी-गणपतीला मला दोन दिवसांची सुट्टी मिळाली. मी वाडीत शिरलो तेव्हा प्रत्येक ओटीवरून कुणी ना कुणी खोकलं. तुकारामानं त्याचं काम चोख केलं होतं. पोरं बाच्या मागून 'हरळीवाला रामजी' म्हणत पळायची, आणि जो माणूस लग्नाच्या मुहूर्ताला दुसऱ्याचं रान बेणत बसला, तो ते ऐकून नुसता चालत राहायचा. आये म्हणाली, "त्या दिवसापास्नं कुणाला उलट बोलत नाय रं. मला तर भ्याव वाटतंय."

संध्याकाळी आरती झाली, सगळी भावकी आमच्या ओटीवर खिरापतीला बसली, आणि मामा बूट वाजवत आला. "क्या सख्या? बोचकं बांधलं का नाय? मुकादमको बोलके रखा है." मी तोंड उघडलं, पण बा माझ्या आधी बोलला. ताटातला खोबऱ्याचा तुकडा उचलता उचलता, मामाकडं न बघता.

"तो येत नाय."

"काय भावजी? शिमग्याला तर तुमीच बोल्ला..."

"त्याचं पीक उभं हाय महाडात," बा म्हणाला. "उभं पीक टाकून कोन जातंय?"

ओटीवर कुणीतरी फिस्सकन हसलं. तुकारामच असणार. "कसलं पीक, रामजीबा?"

बानं सगळ्यांवर एकदा नजर फिरवली, त्याच्या शेतात कोण काय उपटतंय ते बघायची त्याची जी नजर होती, तीच. "हरळीचं," तो म्हणाला. "म्या सोता लावलंय." आणि खिरापतीचं ताट त्यानं मामाच्या पुढ्यात सरकवलं.